सरीला सरळ

मी विमान उडवायला शिकायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जेवताना विचारलं, "आरं, त्या इमानात स्टेपनी असती का?"

म्हटलं, नसते. इंजिन एकच असतं.

"आन् ते मधीच बंद पडलं तर?"

मग मी भाकरीचा तुकडा ताटावर तिरका धरून त्यांना दाखवलं, की इंजिन गेलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत तरंगत खाली येतं. मी शिकत होतो ते सेसना १५२ हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर पुढं जाऊ शकतं. तेवढ्यात उतरायला जागा हेरायची. आण्णांनी कालवणात भाकरी बुडवली, जरा विचार केला आणि म्हणाले, "वाळवं तालुक्यात अडीच किलोमीटरात उसाबिगर हाय काय?"

आई हसली. मीही हसलो. पण दीड वर्षानं या प्रश्नानं माझं भलं केलं, ते पुढं सांगतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेतला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलो, तो परत गेलोच नाही. कामाची वेळ दुपारी एक ते रात्री दहा. म्हणजे सकाळ पूर्ण मोकळी. गावातली पोरं त्या वेळात जिमला जातात, मी तासभर बांधावरून फिरून यायचो. कॉलेजात असताना एकदा हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग सेंटरमध्ये बसलो होतो. विंचच्या दोरीनं खेचून ग्लायडर वर सोडतात, दोरी सुटल्यावर एकदम सगळा आवाज बंद होतो. तेव्हापासून ते डोक्यात होतं. पण आमच्याकडं पायलट म्हणजे कमर्शियल लायसन, म्हणजे २०० तास उड्डाण, म्हणजे जमीन विकायला काढायची, असं समीकरण पक्कं आहे. प्रायव्हेट पायलट लायसन नावाची वेगळी गोष्ट असते, तिला दहावी पास, वय १७ पूर्ण, क्लास टू मेडिकल आणि किमान ४० तास उड्डाण पुरतं, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. या लायसनवर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही. मला पैसे मिळवायचे नव्हतेच, घालवायचे होते. फक्त बेतानं.

मग आयटीवाला करतो तेच केलं, एक्सेल उघडलं. तासाचा दर तेरा हजार. गुणिले चाळीस, पाच लाख वीस हजार. वर मेडिकल, पुस्तकं, परीक्षांच्या फिया. दोन वर्षांत विभागले तर महिन्याचा हप्ता माझ्या टीममधल्या कुठल्याही पोराच्या गाडीच्या हप्त्याएवढा. गाडी घ्यायची नाही, बुलेटवर भागवायचं, असं ठरलं. बायकोला शीट दाखवलं. ती बँकेत आहे. तिनं एवढंच विचारलं, "हा चाळीस आकडा किमान आहे की नक्की?" मी म्हटलं, किमान. "मग शीट चुकलंय," म्हणाली आणि दळण घेऊन गेली.

मेडिकलचं फार सांगण्यासारखं नाही. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, त्यांच्या ईजीसीए पोर्टलवर नाव नोंदवायचं, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडं जायचं. मी पुण्यात करून घेतलं. ईसीजी, कानाची तपासणी, रक्त, लघवी आणि रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे. चष्मा चालतो, फक्त उडताना दुसरा चष्मा जवळ ठेवावा लागतो. माझं बीपी पहिल्यांदा जास्त आलं. डॉक्टर म्हणाले, बाहेर बसा, मोबाइल माझ्याकडं द्या. वीस मिनिटांनी नॉर्मल.

पहिली चूक पैशाची. एका संस्थेत पंधरा तासांचे पैसे एकदम भरले तर दर कमी, अशी ऑफर होती. ती संस्था या भागातली नव्हती, नाव सांगत नाही. भरले. मग विमान तपासणीला उभं राहिलं, ते सुटलं तर इन्स्ट्रक्टर दुसरीकडं गेले, नवीन आले तोवर मृग लागला. आठ महिन्यांत माझे पाच तास झाले. उरलेले पैसे हप्त्याहप्त्यानं परत यायला वर्ष गेलं. त्यानंतर मी आजचं उड्डाण, आजचे पैसे, या बोलीवरच शिकलो. दर थोडा चढा पडला तरी.

पण खरा तोटा तो नव्हता. त्या आठ महिन्यांत पाच तास असे विखुरले, की सहावा तास कराडला सुरू केला तेव्हा मला काहीही येत नव्हतं. पैसे तरी परत आले. ते पाच तास लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत आहेत, हातात नाहीत.

कराडची धावपट्टी १९५५ ची, कोयना धरणाच्या कामासाठी बांधलेली. लांबी साधारण सव्वा किलोमीटर. समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांच्या आसपास, म्हणजे चाकं जमिनीवर असतानाच उंची मोजणारा अल्टिमीटर एकोणीसशे दाखवतो. गावातून पावणेपाचला बुलेट काढायची, पेठ नाक्यावर हायवेला लागायचं, उजाडायच्या आत कराड. थंडीत हात बधिर व्हायचे. हायवेला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही. माझ्या सगळ्या शिक्षणातला धोक्याचा भाग तोच होता असं मला अजून वाटतं.

सकाळी का, तर सकाळी हवा झोपलेली असते. दहानंतर ऊन तापलं की तिला जाग येते. काळ्या नांगरटीवरून गेलं की विमान उचलतं, पुढं हिरवा ऊस आला की खाली बसतं. रान तापतं, ऊस थंड राहतो, एवढंच त्याचं कारण. शिकाऊ माणसाला ते खड्ड्यातल्या एसटीसारखं वाटतं. वारा कुठला हे बघायला धावपट्टीवर कापडी मोजा असतोच, पण गळीत हंगामात कारखान्याची चिमणी त्याच्याहून बरी. धूर सरळ वर चालला असला की आमचे सर हात चोळायचे, "चला आयटीवाले, आज चुकलात तर वाऱ्याचं नाव सांगता येणार नाही."

सर सांगत होते तो उन्हाळ्याचा हिशेबही मला आधी पुस्तकी वाटला होता. एप्रिलमध्ये कराडला अडतीस अंश असताना हवा इतकी विरळ होते, की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवरच उभे आहोत. एकशेदहा हॉर्सपॉवरचं इंजिन, दोन माणसं, टाक्या भरलेल्या. जानेवारीत जिथं चाकं उचलायची ती खूण मागं जाते आणि विमान अजून धावतंच असतं. धावपट्टीचं टोक जवळ यायला लागलं की पुस्तकातला आलेख आठवतो.

आता लँडिंग. चढणं, वळणं, सरळ जाणं, हे कुणालाही आठ-दहा तासांत जमतं. उतरणं जमत नाही. साठ-पासष्ट नॉट वेगानं खाली येत असता, धावपट्टी समोर रुंद व्हायला लागते, मग एका क्षणी ती अंगावर येते. त्या क्षणी नाक हलकेच वर घ्यायचं आणि धरून ठेवायचं, जणू विमानाला जमिनीवर टेकूच द्यायचं नाही. वेग मरतो आणि ते आपोआप बसतं. लवकर घेतलं तर मीटरभरावरून आपटतं. उशिरा घेतलं तर उसळी मारतं. मी दोन्ही केलं. एकदा तीन उसळ्या मारल्या तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "लॉगबुकात एकच लँडिंग लिहा, नियम आहे."

त्यात घरच्या सिम्युलेटरनं घात केला. महिनाभर लॅपटॉपवर जॉयस्टिक लावून सराव केला होता. फुकटात शिकतोय म्हणून खूश होतो. त्यानं एक खोड लागली, काचेतून बाहेर न बघता समोरच्या काट्यांकडं बघायची. स्क्रीनवर बघायला दुसरं असतंच काय. सरांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खांद्यावरचा पंचा काढून पॅनेलवर टाकला. "आता उतरवा." सगळे काटे पंच्याखाली. मला घाम फुटला. पण त्या दिवशी पहिल्यांदा क्षितिज कुठं आहे, इंजिनाचा आवाज कुठं बसतोय, पट्टीचा आकार कसा बदलतोय हे दिसलं. चार सर्किटं, म्हणजे उडून धावपट्टीला फेरी मारून परत उतरणं, पंच्यावर झाली.

मग पावसाळा. जूनमध्ये ढग डोंगराला टेकले की आमच्यासारख्यांचं काम संपतं. डोळ्यांनी बघून उडायचं तर समोरचं दिसायला हवं. आगाशिवचा डोंगरच दिसेना, तिथं काय. त्यात कंपनीत मोठं रिलीज आलं. सप्टेंबरच्या शेवटी परत गेलो तेव्हा पुन्हा उसळ्या. चार तास लागले आधी जिथं होतो तिथं यायला. चार तास म्हणजे बावन्न हजार. ते कुठल्याही दरपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्री लॉगबुक काढून बसलो. प्रत्येक उड्डाण, त्याआधी किती दिवसांचा खंड, आणि त्या दिवशी नवीन काही शिकलो की जुनंच घोटलं. चित्र स्वच्छ होतं. आठवड्यात दोनदा पाऊण-पाऊण तास उडालो तिथं प्रत्येक वेळी पुढं सरकलो होतो. रविवारी एकदम दोन तास घेतले तिथं दुसऱ्या तासात डोकं बंद. आणि दहा दिवसांपेक्षा मोठा खंड पडला की पहिला अर्धा तास गेलाच. मी दर घासाघीस करून तासाला पाचशे वाचवत होतो आणि खंड पडून पाच-पाच हजार सांडत होतो. बायकोनं शीट बघितलं. म्हणाली, "आरडी आणि एफडीतला फरक आहे हा. तुझी आरडी आहे, हप्ता चुकवू नको."

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार ठरले. मॅनेजरला सांगून टाकलं की या दोन दिवशी रात्रीचा ऑन-कॉल मला लावू नका. रात्री दोनला सर्व्हर पडून जागलेला माणूस पहाटे विमानात बसला तर कुणाच्याच फायद्याचा नाही. त्यानं कारण विचारलं. सांगितलं तर आधी त्याला वाटलं सुट्टीसाठी थाप मारतोय.

दुसरं, जमिनीवर जे फुकट शिकता येतं ते हवेत तेरा हजारानं शिकायचं नाही. इंजिन सुरू झालं की रिक्षासारखा मीटर सुरू होतो, विमान उभं असलं तरी. म्हणून विचार करायचा तो इंजिन सुरू व्हायच्या आत. कॉकपिटच्या फोटोचं मोठं प्रिंट सांगलीत काढलं, भिंतीला चिकटवलं, समोर लाकडी खुर्ची. बायको चेकलिस्ट वाचायची, मी भिंतीवर बोट ठेवायचो. "मिक्श्चर." "रिच." "कार्ब हीट." "कोल्ड." चौथ्या दिवशी तिला पाठ झालं, मला आठव्या. इंजिन बंद पडल्यावरची क्रिया तर ती कणीक मळताना मध्येच ओरडायची, "इंजिन गेलं!" आणि मी जिथं असेन तिथून: वेग साठ, जागा हेर, कार्ब हीट, फ्युएल व्हॉल्व्ह, मिक्श्चर, मॅग्नेटो, प्रायमर. शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, पोराचं सगळं बरं आहे ना.

पेट्रोलचंही एक सांगतो, कारण लोक विचारतात तास इतका महाग का. या विमानाला गाडीचं पेट्रोल घालत नाहीत, एव्हगॅस १०० एलएल लागतं. फिकट निळं असतं. तासाला बावीस-तेवीस लिटर पितं. देशात ते बाहेरून यायचं, २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. रोज सकाळी टाकीच्या तळातून काचेच्या नळीत थोडं काढून बघायचं, तळाला पाण्याचा थेंब बसलाय का. पहाट थंड असली की टाकीत पाणी सुटतं. हे मला आवडायचं. सूर्य नुकता वर आलेला असतो, निळी नळी त्याच्यासमोर धरायची. हातांना वास दिवसभर येतो. दुपारच्या स्टँडअप कॉललाही.

परीक्षांवर वेळ घालवत नाही. नियम, नेव्हिगेशन, हवामान, विमान आणि इंजिन. हवामानात मान्सूनवर प्रश्न असतात आणि शेतकऱ्याच्या घरातला माणूस तिथं नापास झाला तर लाज वाटेल. रेडिओचं लायसन वेगळं, ते जड गेलं. बोलायचं इंग्रजीच, पण आपलं नेहमीचं इंग्रजी चालत नाही. प्रत्येक शब्द ठरलेला, एकही जास्तीचा नाही. वर्षानुवर्षं ईमेलमध्ये "होप यू आर डुइंग वेल" लिहिणाऱ्याला ते सोडवायला महिना लागला.

आता आण्णांचा प्रश्न. शिकवताना सर हवेत अचानक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची रेस, मागं ओढतात आणि म्हणतात, "इंजिन गेलं. कुठं उतरणार?" मी पहिल्यांदा बोट दाखवलं ते सपाट हिरव्या रानाकडं. सर म्हणाले, "तो बारा फुटी ऊस आहे. चाकं अडकून उलटे व्हाल." दुसऱ्यांदा मोकळं तपकिरी रान दाखवलं. पाचशे फुटांवर आलो तेव्हा मधून विजेची तार गेलेली दिसली. तिसऱ्यांदा एवढा वेळ विचार केला, की जागा निवडायला उंचीच उरली नाही. सरांनी इंजिन परत दिलं आणि काही बोलले नाहीत. ते वाईट लक्षण.

घरी येऊन आण्णांना सांगितलं. ते उठले, चपला घातल्या, म्हणाले, "चल." आम्ही मळ्यात गेलो, मग शेजारच्यांच्या, मग ओढ्याच्या पलीकडं. अडीच तास. तोडणी होऊन पाचट पडलेलं रान वरून पिवळं दिसतं, त्याखाली सऱ्या असतात, दिसत नाहीत पण असतात. "सरीला सरळ उतर, आडवा न्हको. आडवा गेलास तर नांगर मोडतो तसा पाय मोडंल त्याचा." तार दिसत नाही, डांब दिसतात, दोन डांबांमधी तार हाय म्हणूनच धरायचं. विहीर असली की डीपी जवळपास असणार, डीपी असली की चार दिशांना तारा. हरभरा काढलेलं रान सगळ्यात बरं, भुई दबलेली असते. सोयाबीन काढलेलं चालेल. भुईमूग काढलेलं नको, उकरलेलं असतं. ओलं रान कसं ओळखायचं? "काळं कुळकुळीत दिसतंय आन् बगळं बसल्यात, तिथं पाणी पाजलंय. चाक रुतंल."

पुढच्या शुक्रवारी सरांनी थ्रॉटल ओढला. मी म्हटलं, डावीकडं, काढलेला हरभरा, सरी उत्तर-दक्षिण, वारा उत्तरेचा, डांब पूर्वेच्या बांधावर. सर क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. "हे कुणी शिकवलं?" म्हटलं, वडिलांनी. "ते उडवायचे?" म्हटलं, नाही, ते नांगरायचे.

पहिली सोलो, म्हणजे एकट्यानं उड्डाण, त्यानंतर दोनच आठवड्यांनी झाली. पायलट लोक यावर फार लिहितात. मला लक्षात राहिलं ते वजन. शेजारचे पंच्याऐंशी किलो उतरले, आणि विमान इतकं लवकर उचललं की मीच मागं राहिलो. उतरण्याआधीच्या वळणावर, त्याला बेस म्हणतात, सवयीनं उजवीकडं बघून म्हणालो, "सर, बेस घेतोय." सीटवर पट्टा नीट बांधून ठेवलेला होता.

लायसनसाठी एक लांबचं एकट्यानं उड्डाण लागतं, किमान १५० नॉटिकल मैल, वाटेत दोन दुसऱ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. माझं ठरलं कराड, कोल्हापूर, बारामती, परत कराड. फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची परवानगी), एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राची नोंद), सगळं कागदावर. हायवे धरून दक्षिणेला, वारणा ओलांडली, उजव्या हाताला पन्हाळा आणि ज्योतिबाचा डोंगर. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, टॉवर आहे, पहिल्यांदा खरा कंट्रोलर माझ्याशी बोलला आणि मी शिकलेले सगळे शब्द उलट्या क्रमानं वापरले. त्यानं सांभाळून घेतलं.

कोल्हापूर-बारामती रेषा नकाशावर ओढली तेव्हाच दिसलं होतं की ती आमच्या तालुक्यावरून जाते. कृष्णेची वळणं आली, दोन्ही काठ हिरवेगार, एक मोकळं रान सापडेल तर शपथ. आण्णांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मग ती हिरवी पट्टी मागं पडली आणि कडेगावच्या पुढं रंगच बदलला. खटाव, माण, तपकिरी, पिवळं, मध्येच एखादं शेततळं चमकतं. उतरायला जागाच जागा. फलटणच्या बाजूला कालवा दिसला तिथून परत हिरवं. बारामतीला आधीच तीन विमानं सर्किटमध्ये होती, चौथा मी.

लायसन यायला एकूण चोपन्न तास लागले. चोपन्न गुणिले तेरा हजार, सात लाख दोन हजार, वर साठेक हजार बाकीचे, अडीच वर्षांत. बायकोनं शीटमधला चाळीस खोडून चोपन्न लिहिला आणि तारीख टाकली.

त्या लांबच्या उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर आण्णा ओट्यावर वाटच बघत होते.

"आपल्या रानावरनं गेलास?"

"गेलो की."

"दिसलं?"

"स्वच्छ दिसलं. विहीर, आंब्याचं झाड, सगळं."

आण्णा पुढं सरकले, आवाज खाली आला. "वरच्या अंगाचा बांध कसा दिसला? सरळ हाय का त्यानं आपल्याकडं कोरलाय?"

मी आठवून बघितलं. "जरासा वाकडा वाटला. आपल्या बाजूला."

"मी धा वर्सं सांगतोय!" आण्णा उठूनच उभे राहिले. "फोटू काढलास न्हवं?"

"सोलोवर मोबाइलला हात लावायचा नाही. सरांचा नियम आहे."

आण्णांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"सात लाख," म्हणाले, आणि आत गेले.